उजनीतले चाचे

सुट्टीत भाच्यांची जोडी सोलापूरला आली की माझ्या लेकीला सामील करून चौथ्या दिवशी घर डोक्यावर घेते. यंदा भाचा म्हणाला, "मामा, आपण समुद्री चाचे होऊ." सोलापुरात समुद्र कुठून आणायचा? पण उजनी आहे. त्याच धरणाचं पाणी आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड येतं, तेव्हा म्हटलं, जरा आपणच जाऊन भेटून येऊ.

पहाटे चारला पुणे रस्त्याला लागलो. कोरोनातले उरलेले काळे मास्क कापून बायकोनं डोळ्यांवरच्या पट्ट्या केल्या होत्या. उजनीकाठच्या पळसदेवला पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं.

पहिल्या नाववाल्याकडे जॅकेट मोठ्यांचीच. "काय न्हाय होत ओ, धरून बसायचं." मी नको म्हटलं. २०२४ च्या २१ मे ला याच जलाशयात, कळाशी-कुगावच्या मध्ये, वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. वळवाचा वारा दुपारनंतर कधी उठेल सांगता येत नाही, म्हणून तर पहाटे निघालो होतो.

दुसऱ्याकडे लहान जॅकेटं मिळाली. पट्टे आवळून मी एकेका पोराला जॅकेटच्या खांद्यांना धरून वर उचललं. भाची चक्क खालून निसटायला लागली! पायांमधून घ्यायचा पट्टा तिनं "टोचतो" म्हणून सोडून दिला होता. तो पुन्हा बांधला. बोटीचा कप्तान नाववाले काका, उभं राहील त्याची चाचेगिरी रद्द, असं ठरलं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. दगडी अंग, वर विटांचं शिखर. धरण भरलं तेव्हा गाव वर सरकलं, देव पाण्यात राहिला. पोरं मात्र "खजिना कुठंय?" एवढंच विचारत होती. खजिना बायकोच्या पिशवीतल्या डब्यात होता: शेंगालाडू आणि सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी. नाण्यांचा गाडीतच लगदा झालेला. लाडवांवर लूट भागली.

परतताना मी कान्होजी आंग्र्यांचं सांगितलं. इंग्रज त्यांना चाचाच म्हणायचे.

"मग ते चाचे होते?" लेकीनं विचारलं.

"ते मराठ्यांचे सरखेल, आरमाराचे प्रमुख. आपल्या समुद्रातून जायचं तर दस्तक, म्हणजे परवाना, घ्या म्हणायचे. न घेणारी जहाजं धरायचे."

झालं! भाच्यानं डोळ्यावरची पट्टी कपाळावर सरकवली. चाचे संपले, आरमार सुरू. समोरून जाळं ओढत एक होडी येत होती. तिघं बसल्या जागेवरून ओरडली, "दस्तक दाखवा!"

होडीतल्या आजोबांनी एकदा आमच्या कप्तानाकडे पाहिलं, मग जाळ्यात हात घालून वळवळती चिलापी वर धरली.

भाचीनं डोळे बारीक करून ती नीट तपासली. "बरोबर आहे. जाऊ द्या."