माहूरची निद्रा आणि कवडीची वाटी

दत्तात्रेय भिक्षेसाठी कोल्हापुरास जातात आणि निद्रेसाठी माहूरला येतात, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. ज्या गावी देव झोपायला येतो, त्या गावी या कार्तिकात मी एक अख्खी रात्र डोळ्याला डोळा न लागता काढली, आणि त्याला कारणीभूत ठरली ती शेकडो किलोमीटर लांब, छत्रपती संभाजीनगरातील आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवलेली स्टीलची एक वाटी.

रेणुकामाता आमचे कुलदैवत आहे. वर्षातून एकदा तिची ओटी भरायची, हा सासूबाईंचा नेम गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांमुळे चुकला होता, त्यामुळे यंदा जाणे भागच होते. प्रश्न होता कवडीचा. कवडी ही आमची चार वर्षांची मांजर. पांढऱ्या अंगावर पिवळट ठिपके पाहून सासूबाईंनीच तिला हे नाव ठेवले. वजन साडेपाच किलो, आणि त्यातला किमान एक किलो माझ्या लाडाचा. तिला एकदा टोपलीत घालून आम्ही परतूरच्या घरी नेले होते, तेव्हा जालना ओलांडेपर्यंत तिने गाडी डोक्यावर घेतली आणि पुढचे दोन दिवस कणगीच्या मागे बसून काढले. तेव्हापासून तिला घरीच ठेवायचे असे ठरले आहे. मांजराला माणसांपेक्षा जागेचा आधार अधिक वाटतो, भिंतीभिंतीला अंग घासून त्याने स्वतःचा वास लावून ठेवलेला असतो आणि त्या वासात ते निर्धास्त असते, असे आमचे पशुवैद्य सांगतात. सासूबाई हेच एका वाक्यात सांगतात: कुत्रं माणसाचं, मांजर घराचं. परतूरला धान्याच्या थप्पीवर झोपणारी आणि उंदरांवर पोसलेली मांजरे त्यांनी जन्मभर पाहिली असल्यामुळे, चार दिवस मांजर एकटे राहणार म्हणून एवढी तयारी करायची असते हे त्यांना आजवर पटलेले नाही.

तयारी मात्र मी मनापासून केली. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाण्याची चार भांडी चार खोल्यांत भरून ठेवली. तिच्या शी-लघवीसाठी वाळूच्या खड्यांचे टब एकाऐवजी दोन मांडले. नवऱ्याने ऑनलाइन मागवलेले, वेळेवर आपोआप खाणे वाढणारे यंत्र मी लावू दिले नाही, कारण आमच्याकडे वीज गेली की कधी येईल हे महावितरणही सांगू शकत नाही. त्यापेक्षा समोरच्या काकू बऱ्या, असे म्हणून त्यांच्याकडे किल्ली दिली. काकू चातुर्मासात कांदालसूणही वर्ज्य करणाऱ्या आहेत, आणि कवडीच्या खाण्याला मासळीचा वास असतो. तरीही त्यांनी नाही म्हटले नाही. एक जुना डाव तेवढ्या कामासाठी वेगळा काढून ठेवला आणि मला म्हणाल्या, "तू निवांत जा गं. ओटी माझ्याही नावाची भर."

प्रवासाची तारीखही मी मांजराकडे पाहूनच निवडली होती. दिवाळीत फटाके वाजले की कवडी पलंगाखाली जाते ती दुसऱ्या दिवशीच बाहेर येते, म्हणून दिवाळी उलटून बारा दिवस होऊ दिले. एवढा हिशेब करणाऱ्या बाईला, त्या बाराव्या दिवशी तुळशीचे लग्न असते, हे आठवू नये याला काय म्हणावे! ज्या गुरुवारी पहाटे आम्ही निघालो, त्याच संध्याकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, काकूंच्याच पुढाकाराने तुळशीचे लग्न लागले, मंगलाष्टके झाली आणि पोरांनी लड लावली. हे मला कळायला चोवीस तास जावे लागले.

नांदेडपर्यंतचा रेल्वेप्रवास आणि तिथला मुक्काम उत्तम झाला. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये जिथे देह ठेवला, त्या सचखंड गुरुद्वारात हजारोंच्या गर्दीतही जी स्वच्छता आणि लंगरमध्ये ज्या अगत्याने वाढणे चालते, ते पाहून आपल्या देवस्थानांविषयी जे मनात येते ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी करून भोकर, हिमायतनगर, किनवट असे सागाच्या रानातून माहूर गाठले. वाटेत सहस्रकुंडाला थांबलो. पैनगंगा काळ्या खडकांवरून बऱ्यापैकी जोरात पडत होती.

माहूरला पोहोचायला अंधार पडला. उतरलो होतो त्या निवासात गाद्या दमट होत्या आणि मोबाइलला रेंज फक्त जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहिले तरच मिळत होती. तिथे उभी राहून आठच्या सुमारास काकूंना फोन लावला.

"वाटी जशीच्या तशी आहे बघ," काकू म्हणाल्या, "काल संध्याकाळी भरलेली. सकाळी पाहुण्यांच्या गडबडीत मला यायला जमलं नाही. आत्ता आले तर वाटीला तोंडसुद्धा लावलेलं नाही. मांजर तर कुठंच दिसंना."

मग तुळशीच्या लग्नाची हकीकत आली. लड लावणाऱ्यांत त्यांचा नातूही होता हे त्यांनी लपवले नाही, आणि त्यामुळे त्यांच्यावर रागावण्याची माझी सोयही उरली नाही. खरे म्हणजे चूक माझी होती. कवडी परक्या पावलांच्या आवाजानेही लपते हे मला माहीत होते. जाण्याआधी चार दिवस काकूंना घरी बोलावून त्यांच्याच हातून तिला खायला घालायला हवे होते. खाण्याचे माप, खड्यांचा टब, पंख्याचे बटण, सगळे मी त्यांना दाखवले, पण त्या दोघींची ओळख करून दिली नाही.

पशुवैद्यांना त्याच तिसऱ्या पायरीवरून फोन लावला. त्यांनी जे सांगितले ते मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे, आणि मला चार वर्षांत ते ठाऊक नव्हते. माणसाने दोन दिवस उपास केला तर फारसे बिघडत नाही. मांजराने, त्यातही लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस अन्न टाकले, तर अंगातली चरबी यकृताकडे धाव घेते, यकृताला ती पेलत नाही, आणि तेच चरबीने भरून निकामी होऊ लागते. म्हणजे कवडीचे जे गोलमटोल अंग पाहून मी कौतुक करत होते, तेच आता तिच्या जिवावर उठण्याची शक्यता होती. "अठ्ठेचाळीस तासांच्या आत काहीतरी पोटात गेलं पाहिजे," डॉक्टर म्हणाले, "आणि आधी ती लघवी करते आहे का ते बघायला सांगा." तिने शेवटचे खाल्ले होते ते गुरुवारी पहाटे, आम्ही निघताना. म्हणजे अठ्ठेचाळीस तास शनिवारी पहाटेच भरत होते. पण काकू फोन ठेवून झोपल्या होत्या, आणि रात्री साडेदहा वाजता पासष्ट वर्षांच्या बाईला उठवून मांजराची लघवी पाहायला सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

खोलीत परतले तर सासूबाई जाग्याच होत्या. "कशाला जीव जाळायलीस? भूक लागली की येतं मांजर बाहेर," त्या म्हणाल्या, आणि दिवा मालवल्यावर अंधारातून त्यांचा आवाज पुन्हा आला, "तरी पण बघ बाई, काशीला सोन्याचं मांजर वाहायची वेळ आणू नकोस म्हणजे झालं." त्यांनी ते थट्टेने म्हटले होते. मी मात्र पहाटेपर्यंत छताकडे पाहत, कोणत्या कपाटाचे दार उघडे राहिले असेल, मोरीची खिडकी लावली होती की नाही, वाऱ्याने बेडरूमचे दार लागून ती आत पाण्याविना तर अडकली नसेल, असे घरभर फिरत राहिले.

सकाळी सात वाजता काकूंना व्हिडिओ कॉल केला. त्यानंतरचा पाव तास मी कधीही विसरणार नाही. फोन नातवाच्या हातात होता. काकू नाकाला पदर लावून टबासमोर उभ्या होत्या, नुकत्याच आंघोळ करून आलेल्या, कपाळावर ओले कुंकू. त्यांचे पूजेचे सोवळे त्या क्षणापासून मोडणार हे आम्हा दोघींनाही कळत होते.

"काकू," मी म्हटले, "शेजारी झाऱ्यासारखा जाळीचा चमचा आहे, त्याने ते खडे जरा हलवाल का? लघवी झाली असली की खड्यांचा गोळा होतो. किती गोळे आहेत तेवढं सांगा."

काकूंनी माझ्याकडे, म्हणजे फोनकडे, एकदा पाहिले. मग पदर कमरेला खोचला, खाली बसल्या, आणि तळणीतून अनारसे काढावेत तितक्या हलक्या हाताने त्यांनी खडे हलवायला सुरुवात केली. नातू फोन टबाच्या इतका जवळ धरत होता की मला फक्त राखाडी खडे आणि काकूंच्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या. पहिल्या टबात काहीच नव्हते. दुसऱ्या टबाच्या कोपऱ्यात झारा अडकला.

"आहे गं, आहे," काकूंचा आवाज एकदम चढला. "दोन आहेत. एक लिंबाएवढा आणि एक सुपारीएवढा."

मी जिन्यात मटकन बसले. लघवी होते आहे म्हणजे ती कुठे अडकलेली नाही, रात्री सगळे निजल्यावर बाहेर येते आहे, पाणीही पिते आहे. एवढा निष्कर्ष दोन गोळ्यांवरून निघत होता. ओले खाणे पाकिटासकट गरम पाण्यात ठेवून कोमट करावे म्हणजे त्याचा वास उठतो, आणि वाटी भरून लगेच निघून जावे, कुलूप लावल्याचा आवाज तिला ऐकू येऊ द्यावा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तेही काकूंनी केले. मासळीच्या वासाचे ते पाकीट त्यांनी आपल्या गॅसवर कसे तापवले असेल, हे मी विचारले नाही. अजूनही विचारलेले नाही.

मग गडावर गेलो. साडेतीन शक्तिपीठांपैकी दोन पूर्ण पीठे, तुळजापूर आणि माहूर, आमच्या मराठवाड्यात आहेत याचा मला एरवी अभिमान वाटतो. त्या दिवशी मी देवीच्या त्या भव्य शेंदरी मुखासमोर हात जोडून उभी होते, आणि मनात फक्त वाटी होती. सासूबाईंनी ओटी भरली, काकूंच्या नावाचीही भरली. खलात कुटलेला देवीचा तांबूल हातावर पडला, तेव्हा त्यातली सुपारी दाताखाली येताच मला काकूंचे माप आठवले आणि गाभाऱ्याबाहेर येऊन मी एकटीच हसले. दत्तशिखर सासूबाईंनी गाडीतून उतरून सावकाश पाहिले. अनसूयामातेचे शिखर राहिले. आणि उनकेश्वरही राहिले.

उनकेश्वर राहिले ते माझ्यामुळे. किनवट तालुक्यातल्या त्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायचे, गुडघ्यांना शेक घ्यायचा, असे सासूबाईंनी दोन महिने आधीपासून घोकले होते. पिशवीत त्यासाठी जुने लुगडे वेगळे बांधून घेतले होते. मुक्काम रद्द करून आजच परत फिरायचे असे मी म्हटले, तेव्हा नवरा काही बोलला नाही, गाडीवाल्याने सरळ संभाजीनगरापर्यंत सोडायचे साडेसात हजार सांगितले, आणि सासूबाई "चला मग" एवढेच म्हणून गाडीत बसल्या.

दुपारभर रेंज येत-जात राहिली. परभणीच्या अलीकडे, पाचच्या सुमारास, फोन वाजला. काकू होत्या.

"निम्मी वाटी गेली गं! आणि कोरडं खाणंही खाल्लंय. मला पाहिलं आणि पळाली, शेपूट तेवढी दिसली, तुमच्या सासूबाईंच्या गोधड्यांच्या मागं गेली."

मी जोरात ओरडलेच असणार, कारण गाडीवाल्याने गाडी बाजूला घेतली. फोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितले. नवऱ्याने सुस्कारा सोडला. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस पसरला होता, आणि गाडीत काही वेळ कोणीच बोलले नाही. मग मागच्या सीटवरून सासूबाईंनी गाडीवाल्याला विचारले, "का रे बाबा, उनकेश्वर आता किती मागं राहिलं?"

त्याने सांगितले. त्यांनी "बरं" म्हटले आणि पिशवी मांडीवरून पायाशी ठेवली. मला त्यांच्याकडे वळून पाहता आले नाही.

रात्री अकराला घरी पोहोचलो. कवडी गोधड्यांच्या मागून निघाली, माझ्या बुटांचा वास घेतला, आणि वाटीपाशी जाऊन, आम्ही तिघे सामान हातात घेऊन बघत उभे असताना, तोंडाचा मोठा आवाज करत कोरडे खाणे चावत बसली. सासूबाई म्हणाल्या, "खा बाई, खा. माझे गुडघे खाल्लेस, आता हेही खा."

दुसऱ्या दिवशी किल्ली आणि काकूंच्या नावाचा प्रसाद घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी दिनदर्शिका टांगलेली असते, तिच्यावर त्या रोजच्या दुधाचा हिशेब लिहितात. शनिवारच्या चौकोनात नेहमीप्रमाणे "दूध १ लि." असे होते आणि त्याखाली, त्याच निळ्या पेनाने, "कवडी – गोळे २ (१ लहान)". रविवारच्या चौकोनात दूध लिहून झाले होते. त्याखाली "कवडी –" एवढे लिहून पुढची जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी सोडली होती. पेन दोरीने खिळ्याला बांधलेले होते. मी "३" लिहिले.