एका हाताने फोटो झाका

आल्वारू कुन्याल मला राजकारणातून नाही, पेन्सिलीतून भेटले. मी चित्रकला शिकवते. वर्गासाठी रेखाटनं शोधताना एका कैद्याने काढलेली चित्रं हाती लागली. राबणारी गावाकडची माणसं, बाया, घोळक्यातले चेहरे. हातपाय अंगाच्या मानाने चांगलेच थोराड, आणि छाया इतकी दाबून भरलेली की पेन्सिल किती वेळा फिरली असेल ते मोजावंसं वाटतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या तुरुंगात, 1950 च्या दशकात काढलेली ही चित्रं. काढणारा माणूस पोर्तुगीज कम्युनिस्ट पक्षाचा नेता.

त्यांचा जन्म 1913 चा, कोइंब्रातला. वडील वकील, आणि स्वतःही चित्रं काढणारे. सतराव्या वर्षी कुन्याल बंदी असलेल्या पक्षात गेले. 1940 मध्ये ते कैदेत असताना पोलिसांच्या पहाऱ्यात त्यांना विद्यापीठात आणलं गेलं, कायद्याचा प्रबंध मांडायला. विषय होता गर्भपात, आणि तोही त्या काळच्या कर्मठ कॅथलिक पोर्तुगालमध्ये! समोर परीक्षकांत बसले होते मार्सेलो कायतानो, सालाझारनंतर पंतप्रधान झालेले.

1949 च्या मार्चमध्ये ते पुन्हा पकडले गेले आणि जवळजवळ अकरा वर्षं आत राहिले. त्यातली साधारण आठ एकांतकोठडीत. शेवटचा मुक्काम पेनिशचा समुद्रकाठचा किल्ला. (आपले गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक टी. बी. कुन्हाही त्याआधी याच किल्ल्यात कैदी होते. हे कळल्यावर पेनिश मला एकदम जवळचं वाटू लागलं.)

3 जानेवारी 1960 ची संध्याकाळ. किल्ल्यासमोर एक गाडी थांबते, तिची डिकी उघडली जाते. हीच खूण. आत एका पहारेकऱ्याला क्लोरोफॉर्म देऊन बेशुद्ध केलं जातं. दुसरा पहारेकरी फितूर झालेला असतो. उघड्यावरचा टप्पा पार करताना तो एकेका कैद्याला आपल्या लांबरुंद झग्याखाली घेऊन नेतो. मग चादरींच्या दोरावरून खाली. एकूण दहा जण निसटले, कुन्याल त्यांतले एक. मी हा प्रसंग वाचते तेव्हा दर वेळी त्या झग्यापाशी थांबते. दोन माणसं, एकच कापड, आणि चालायचं मात्र एकट्यासारखं.

1961 मध्ये ते पक्षाचे सरचिटणीस झाले आणि 1992 पर्यंत राहिले. मधली वर्षं परदेशात गेली. 1968 मध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत रणगाडे घुसले, त्याचं त्यांनी समर्थन केलं. ज्याने स्वतः कोठडी भोगली त्याला प्रागच्या रस्त्यावरची माणसं कशी दिसली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांच्याबद्दलचा आदर या एका जागी अडखळतो.

25 एप्रिल 1974 ला सैनिकांनी राजवट उलथवली आणि पाचच दिवसांनी कुन्याल लिस्बनला उतरले. विमानतळावर चिलखती गाडीवर चढून बोलले. पुढे बिनखात्याचे मंत्री झाले. 1975 च्या नोव्हेंबरमध्ये टीव्हीवर समाजवादी नेते मारियो सोआरेस यांच्याशी तासन्‌तास वाद झाला. तुमच्या पक्षाला हुकूमशाही आणायची आहे, असं सोआरेस म्हणाले, तेव्हा कुन्याल शांतपणे उत्तरले, "तसं नाही हो, तसं नाही." पोर्तुगालमध्ये हे शब्द अजून लोकांच्या तोंडी आहेत.

मला मात्र 1986 जास्त आठवतं. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत एकीकडे उजव्यांचे फ्रेइताश दु आमाराल, दुसरीकडे तेच सोआरेस. सोआरेसना मत द्यायचं नाही, हे पक्षाने आधीच ठरवलेलं. आता तातडीचं अधिवेशन भरवून निर्णय फिरवावा लागला. वर्षानुवर्षं सोआरेसशी भांडलेल्या कार्यकर्त्यांना कुन्याल म्हणाले, बघवत नसेल तर एका हाताने मतपत्रिकेवरचा फोटो झाका आणि दुसऱ्या हाताने फुली मारा.

मला तो झाकणारा हात त्या चित्रांतल्यासारखाच दिसतो, थोराड आणि जड.

सोआरेस 51 टक्क्यांच्या जरा वर मतं घेऊन निवडून आले.