आमची वाटचाल : फोटोच्या पाठीमागे

आमचा मूळ धंदा स्टुडिओचा. डिजिटल कॅमेरे आले, फिल्म धुण्याचं काम आटलं आणि जुने फोटो दुरुस्त करण्यावर दुकान तगलं. डाग काढा, फाटलेला कोपरा जोडा, मोठी प्रिंट द्या, इतकंच. मग देश सोडून गेलेल्या घराण्यांचे अल्बम येऊ लागले आणि कामाची तऱ्हाच बदलली.

अशा घराण्यांचे फोटो दोन देशांत विखुरलेले असतात. गेलेला माणूस स्टुडिओत फोटो काढून एक प्रत स्वतःकडे ठेवायचा, एक घरी धाडायचा. स्वतःच्या प्रतीवर कोण कशाला काय लिहील? घरी धाडलेल्या प्रतीमागे मात्र सगळं असतं : बाळाचं वय, नवा पत्ता, अंगातला कोट उसना आहे हेसुद्धा. म्हणून मागे राहिलेल्या नातलगांकडे काय आहे, हे आम्ही आधी विचारतो आणि पाठ स्कॅन केल्याशिवाय एकही फोटो परत देत नाही. काही लिहिलेलं नसलं तरी पाठ बोलते. फोटो-पोस्टकार्डावर तिकिटाच्या चौकटीत ‘अ‍ॅझो’ (फोटो छापायच्या कागदाचं नाव) छापलेलं असेल आणि चौकटीच्या कोपऱ्यांतल्या चारही त्रिकोणांची टोकं वर असतील, तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला. दोन वर, दोन खाली असतील तर त्यानंतरचा.

डोकेदुखी म्हणजे १९७० च्या दशकातले चिकट पानांचे अल्बम. गोंद पिवळा पडून फोटोला घट्ट धरतो. आधी अख्खं पान स्कॅन करायचं, कारण कुणाशेजारी कोण लावलंय हीही माहितीच. मग डेंटल फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, फोटोखालून हलक्या हाताने मागे-पुढे सरकवत न्यायचा. नाहीच सुटला तर राहू द्यायचा, ओढायचा नाही.

हल्ली ‘एआयने चेहरा स्पष्ट करून द्या’ ही मागणी फार. यंत्र जे डोळे बसवतं ते आजीचे नसतात, अंदाजाचे असतात. हवीच असेल तर वेगळी प्रत देतो, फाइलच्या नावातच ‘बदललेली’ असं घालून; मूळ स्कॅनला हात लावत नाही. यावरून काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. जाऊ देत.

पुढे घरातल्या वडीलधाऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करायलाही लागलो. ‘हे कोण?’ विचारलं की नाव मिळतं. ‘फोटो कुणी काढला?’ विचारलं की माणूस बोलत सुटतो. ती नावं आम्ही फाइलच्या आतच नोंदवतो, जुन्या लिपीत आणि नव्याही, कारण नातवंडांना जुनी लिपी बहुधा येत नाही. फोटोमागचं ते जुन्या लिपीतलं हस्ताक्षर लावणारी माणसं मिळवणं हेच सध्या आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. स्कॅनर काय, पैसे टाकले की मिळतो.