सुगावा शेवटच्या रांगेपर्यंत

गॅदरिंगला खुनाचं नाटक बसवायचं ठरलं की मुलं आधी पिस्तूल आणि रक्ताच्या मागे लागतात. पण असं नाटक पडतं ते सुगावा पोहोचला नाही म्हणून. शेवटी खुनी पकडला जातो आणि पालक एकमेकांना विचारतात, "ती चावी कधी दाखवली होती?"

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली आपल्या सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं. रहस्यनाटकात प्रेक्षकाला काहीच ठाऊक नसतं. त्यातून मैदानावरच्या मांडवात पहिली दहा मिनिटं खुर्च्या सरकवण्यात आणि धाकट्यांना गप्प करण्यात जातात. तेवढ्या वेळात महत्त्वाचं काहीही ठेवू नका. पुढे सुगाव्याची वस्तू तीनदा यायला हवी: एकदा कुणीतरी ती वापरतं, एकदा तिचं नाव घेतलं जातं, एकदा ती जागेवर नसते. अंगठी, बटण, चिठ्ठी असल्या वस्तू चौथ्या रांगेपलीकडे दिसत नाहीत.

सांगलीत हळदीसारखा सुगावा नाही. हळदीच्या व्यापाऱ्याचा वाडा, मालकाचा खून, आणि खुन्याने घाईत हात पुसलेला पंचा. पिवळा डाग साबणाने धुवायला गेलं की लाल होतो. घरचे त्याला रक्त समजतात आणि संशय भलत्यावरच जातो. शेवटी इन्स्पेक्टर तोच प्रयोग सगळ्यांसमोर करतो. अर्धा कप पाण्यात एक चमचा हळद कालवून पांढऱ्या पंचावर वीतभर रुंद डाग पाडा आणि पूर्ण वाळू द्या. फवाऱ्याच्या बाटलीत कपभर पाणी आणि अर्धा चमचा धुण्याचा सोडा घाला. खाण्याच्या सोड्याने रंग नीट बदलत नाही. फवारा मारताच डाग लालसर होतो, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हे पाहताना नववीची मुलंही जागेवरून उठतात. त्या वेळी लाइट मात्र पांढराच हवा. दिव्यासमोर लाल किंवा अंबर जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावला तर पिवळा आणि लाल वेगळे ओळखूच येत नाहीत. प्रत्येक तालमीला नवा पंचा लागतो, तेव्हा जुन्या धोतराचे तुकडे करून ठेवा.

रक्त शक्यतो टाळाच. साखरेच्या पाकात खायचा रंग घालून ते छान दिसतं, पण मुंग्या येतात आणि गणवेशावरचा डाग जात नाही. सुरी पुठ्ठ्याची, वर चांदीचा कागद. घरातली खरी सुरी तालमीलाही नको. गोळीचा आवाज रेकॉर्डिंगवर ठेवला तर हमखास उशिरा येतो. त्यापेक्षा विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला, तीन फुटांची फळी एका टोकाला पायाने दाबून धरा, दुसरं टोक उचलून सोडा. इशारा देणाऱ्याला रंगमंच दिसला पाहिजे, एवढंच.

प्रेताचं काम सगळ्यांत अवघड. पोट हलतं आणि पहिली रांग हसते. म्हणून प्रेत सोफ्यामागे, फक्त पाय दिसतील असं ठेवा किंवा अंगावर सैल शाल टाका, आणि दहा मिनिटांच्या आत उचला. प्रेत झोपण्याआधी जागा ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर धुळीने प्रेत शिंकतं.

ब्लॅकआउटमध्ये खून करायचा असेल तर हॉल बंदिस्त हवा. मैदानावर रस्त्याचा दिवा असतोच, तिथे खून विंगेत होऊ द्या. बंदिस्त हॉलमध्ये कडांना आणि पायऱ्यांना रेडियम पट्टी लावा आणि सगळ्यांनी मनात आठ आकडे मोजून जागा बदलण्याची तालीम किमान वीस वेळा करा.

तालमी शेवटच्या प्रवेशापासून सुरू करा. सगळी पात्रं रंगमंचावर असतात आणि अर्धवर्तुळ हमखास बिघडतं. खुनी टोकाला उभा नको, तिथे त्याचा चेहरा हरवतो.

रंगीत तालमीला गोष्ट माहीत नसलेली सातवीची चार मुलं शेवटच्या रांगेत बसवा. उलगड्याआधी नाटक थांबवून खुनी कोण ते विचारा. चौघांनीही बरोबर सांगितलं तर एक सुगावा कमी करा. पंचा कुणालाच आठवला नाही तर त्याच्यावर आणखी एक संवाद टाका, आणि तो मोठ्याने म्हणणाऱ्या मुलाला द्या.