दारव्हा ते ग्योटिंगन: मागून येणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईच्या पोरापोरींना परदेशी शिकायला जायचं तर मावशीचा मुलगा, शेजारचा दादा, कोणीतरी आधी जाऊन आलेलं असतं. आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावात विचारायला कोणी नव्हतं. होता तो एजंट, आणि त्याला माझ्या मार्कशीटपेक्षा बाबांच्या सातबाऱ्यात जास्त रस. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. कृषीच्या मुलामुलींना जास्त उपयोगी पडेल, पण कागद आणि पैशाचा भाग सगळ्यांना सारखाच लागू.

मी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री केलं आणि एम.एस्सी.साठी जर्मनीत ग्योटिंगनला आले. शाश्वत आंतरराष्ट्रीय शेती असा अभ्यासक्रम आहे, इंग्रजीतून. ग्योटिंगन आणि कासेल ही दोन विद्यापीठं मिळून तो चालवतात. ग्योटिंगनचं राज्य लोअर सॅक्सनी. इथल्या सरकारी विद्यापीठात शिकवणीची फी नाही. दर सत्राला काहीशे युरो भरायचे, त्यातच प्रवासाचा पास येतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो लागतात, आणि होहेनहाइमचं नावाजलेलं कृषी शिक्षण तिथंच आहे, तेव्हा अर्ज करताना राज्य बघून घ्या. एजंटच्या तोंडी आधी जी नावं येतात ती बहुतेक खासगी कॉलेजांची असतात. का, ते सांगायला नको.

सगळ्यात जास्त वेळ कागद खातात. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी; टी.सी.वर वडील ‘रामराव’, रेशनकार्डावर ‘रामभाऊ’. गावात याचं कोणाला काही वाटत नाही. व्हिसाच्या खिडकीवर मात्र ती दोन वेगळी माणसं होतात. पासपोर्ट काढायच्या आधीच नावं एकसारखी करा, लागलं तर राजपत्रात बदल छापून घ्या. विदर्भाचं पासपोर्टचं काम नागपूर कार्यालयाकडं असतं, पण पोलीस पडताळणी आपल्याच ठाण्यातून होते. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत अर्ज टाकू नका. पडताळणीला माणूस यायचा आणि घराला कुलूप, सगळे वावरात.

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं झालं. तुमची पदवी आणि गुणपत्रकं खरी आहेत का हे त्यात तपासतात. त्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढं सरकत नाही, आणि कित्येक विद्यापीठं तर प्रवेशाच्या वेळीच ते मागतात. ऑक्टोबरचं सत्र पकडायचं असेल तर आदल्या वर्षीच्या दिवाळीतच कामाला लागा.

आपले गुण इथं कसे मोजतात, हे आधी घरी बसून काढता येतं. कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला कमाल वजा उत्तीर्ण या फरकानं भागा, तीननं गुणा आणि एक मिळवा. समजा दहापैकी आठ आहेत आणि उत्तीर्णाला पाच लागतात, तर उत्तर येतं २.२. इथं १.० सगळ्यात चांगला, ४.० काठावर पास, ५.० नापास. अनेक अभ्यासक्रमांत २.५ च्या आत असाल तरच अर्जाकडं बघतात. हे गणित केल्याशिवाय अर्जांवर पैसे घालू नका.

आता पैसे. जर्मनीला जायचं तर एका बंद खात्यात, ज्याला सगळे ब्लॉक्ड अकाउंटच म्हणतात, वर्षाचा खर्च आधी भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. तिकडं पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो याप्रमाणं ती आपल्यालाच परत मिळते. युरोला शंभर रुपये धरले तर बारा लाखांच्या घरात जाते. फी नाही म्हणून हुरळून गेलेले पालक इथं येऊन थांबतात.

बाबांचा हिशेब सरळ होता. “वावर हाय ना, गहाण टाकू.” बँकेत साहेबांनी मान हलवली. त्यांचंही चूक नव्हतं. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायची मुभा बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्यानं दिली, पण त्याच कायद्याच्या कलम ३१ नं शेतजमीन त्यातून वगळली आहे. शेतकऱ्याला वाचवणारी तरतूद आहे ही, आणि तिच्यामुळंच शेतकऱ्याच्या पोरीला वावरावर शैक्षणिक कर्ज मिळणं अवघड होतं. गावठाणातल्या घराचंही तसंच; ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर बँका सहसा राजी होत नाहीत. त्यांना लागतो एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट नाहीतर शहरातलं घर. आमचं काम यवतमाळच्या काकांच्या प्लॉटवर निभावलं. सरकारी बँकांत साडेसात लाखांपर्यंत बिनतारण कर्जाची सोय असते, ती आधी विचारा. उरलेल्याचं नंतर बघता येतं. आणि जातप्रवर्गानुसार शिष्यवृत्त्या आहेत, त्या सोडू नका. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आदिवासी आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठी त्या-त्या विभागाच्या वेगळ्या आहेत. जाहिरात निघाल्यावर जातवैधता आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी धावाधाव करणाऱ्यांची मुदत सेतूच्या रांगेतच संपते. दाखले आधीच काढून ठेवा.

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. दारव्ह्याहून नेरमार्गे बडनेरा, तिथून विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई. (आमच्या स्टेशनवरून शकुंतला धावायची, यवतमाळ ते मूर्तिजापूर. ती असती तरी विमान चुकलंच असतं, इतकी तिची चाल निवांत.) फ्रँकफुर्टला उतरून वेगवान गाडीनं साधारण दोन तासांत ग्योटिंगन. विमान आणि गाडी यांच्यात भरपूर अंतर ठेवा. जर्मन गाड्या वेळेवर धावतात ही आपल्याकडची समजूत आहे, तिथल्या लोकांची नाही.

बॅगेबद्दल मात्र नीट ऐका, कारण घरचं प्रेम बॅगेतच उतरतं. युरोपबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, खवा, पेढे घरीच. संत्री, ताजा कढीपत्ता आणि बियाणंही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. कृषीच्या मुलांना एक जास्तीची सूचना: मातीचा नमुना पिशवीत भरून आणायचा मोह होईल, पण माती आणायलाही बंदीच आहे. जवसाची चटणी, तिखट, गोडा मसाला, सुका ठेचा हे बिनधास्त आणा. तूरडाळ आणि तांदूळ इथं मिळतात. कुकर आणा. जाड कोट आपल्याकडून आणू नका, नागपूरच्या थंडीसाठी शिवलेलं काही इथं पुरत नाही. इथं जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगला मिळतो.

खोली हा सगळ्यात अवघड भाग. प्रवेशाचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाच्या यादीत नाव घाला. खोली बघितल्याशिवाय, कराराशिवाय कोणी पैसे मागत असेल तर तो मालक नाही, ठग आहे. अनामत कायद्यानं मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. राहायला आल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याला अनमेल्डुंग म्हणतात. तिथं घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. हा एक कागद झाला की बँक आणि निवास परवाना यांची वाट मोकळी होते. आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नावनोंदणीच होत नाही. तिशीच्या आतल्यांना सरकारी विमा महिन्याला साधारण दीडशे युरोंत पडतो. काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, घरामागं महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरावे लागतात. ते पत्र खोटं वाटतं, पण खरं असतं. एका घरात मिळून राहत असाल तर एकानंच भरायचं.

हे सगळं उरकलं की वर्ग सुरू होतात. हिवाळी सत्र कागदावर १ ऑक्टोबरला लागतं, शिकवणं महिन्याच्या मध्यानंतर. मधे नव्या मुलांसाठी ओळखीचा आठवडा असतो. तो खेळ-गाण्यांचा वाटतो, तरी चुकवू नका, कारण कोणता मोड्यूल, म्हणजे विषय, कधी घ्यायचा हे तिथं वरच्या वर्गातली मुलं सांगतात. एवढं छापील कुठंच मिळत नाही.

वेळापत्रकात वेळेपुढं ‘सी.टी.’ लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो, ‘एस.टी.’ असेल तर ठोक्याला. आपली एस.टी. आठवून गोंधळू नका. तास संपला की मुलं बाकावर बोटांनी ठकठक करतात. ती टाळ्यांच्या जागी असते, पहिल्यांदा मला वाटलं सगळे चिडले.

अकोल्यात आमची हजेरी होती, नोटीस बोर्ड होता, फॉर्म भरायची तारीख सांगत फिरणारा शिपाई होता. रावेच्या वेळी, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या गावच्या शेतीकामाच्या अनुभवासाठी, गावात राहिलो तरी मार्गदर्शक सर विचारपूस करायचे. इथं व्याख्यानाला बहुधा हजेरी नाही. आलात काय, नाही काय, कोणी विचारत नाही. परीक्षेलासुद्धा आपण वेगळी नोंदणी करायची असते, संगणकावर, मुदतीच्या आत. वर्षभर पहिल्या बाकावर बसलेली मुलगी नोंदणी राहिली म्हणून परीक्षेला बसू शकली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. प्राध्यापकांना वाईट वाटलं, पण इलाज नव्हता. बाबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, “मंग मास्तर काहीच विचारत नाही म्हंता? मोठं नवलच हाय बाप्पा.”

सहा क्रेडिटचा मोड्यूल म्हणजे १८० तासांचं काम. त्यातले ५६ वर्गात, बाकीचे १२४ तुमचे तुम्ही. आपण वर्गातल्या तासांवरून अभ्यास मोजतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर आरामात घालवतो. फेब्रुवारीत एकाच पंधरवड्यात सगळ्या परीक्षा येऊन आदळतात. किती वेळा नापास होता येतं याला मर्यादा आहे, ती आपल्या अभ्यासक्रमाच्या नियमावलीत वाचा. निबंधासोबत ‘हे माझंच काम आहे’ अशी सही द्यावी लागते, आणि ती गंभीरपणे घेतात. आपल्याकडच्या प्रॅक्टिकल वहीसारखं वरच्या वर्गाचं उतरवून चालत नाही.

इंग्रजीची भीती असेल तर एक सांगते. वर्गात घाना, व्हिएतनाम, कोलंबिया इथली मुलं असतात, सगळ्यांचं इंग्रजी आपापल्या गावचं. अडचण इंग्रजीची नसते, तोंड उघडण्याची असते. चर्चासत्रात गप्प बसणाऱ्याला काही येत नाही असंच धरतात. मातीच्या तासाला वर्टिसॉलचं, म्हणजे आपल्या काळ्या मातीचं, चित्र पडद्यावर आलं, उन्हाळ्यात हातभर खोल भेगा, तेव्हा मी पहिल्यांदा हात वर केला. पावसानंतर वाफसा येईपर्यंत तिच्यात पाय घालता येत नाही, आणि वाफसा दोन दिवसांत निघून गेला की नांगर लागत नाही, हे पुस्तकात एका ओळीत होतं. मला त्यावर दहा मिनिटं बोलता आलं. सोयाबीन का जळतं, कापूस का तग धरतो, कोरडवाहूत पेरणी का दुबार होते, हे तुम्हाला तुमच्या वावरातून ठाऊक आहे आणि वर्गातल्या बाकीच्यांना नाही. कामाच्या वेळी ते बाहेर काढा.

काम करायचं असेल तर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस परवानगी आहे, मार्च २०२४ पासून. किमान मजुरी १ जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो झाली. पहिल्या सत्रात मात्र कामाच्या मागं लागू नका. विद्यापीठातच सहायकाचं काम मिळतं, ते दुसऱ्या सत्रापासून शोधा; प्रयोगशेतावर बीट काढणीच्या हंगामात हात लागतात, आणि आपल्याला चिखलाचं नवल नाही.

घरच्या फोनची वेळ ठरवून घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण साडेतीन तास पुढं असतो, नंतर साडेचार. आमच्याकडं हरभऱ्याच्या ओलिताला आठवडाआड रात्रीची लाईन असते, त्यामुळं रात्री दोनला बाबा मोटरीपाशी जागेच. इथं तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात. आमच्या गप्पा तेव्हाच होतात. बीटला काय भाव मिळतो, हे ते दरवेळी विचारतात.

जर्मन मात्र गावात असतानाच सुरू करा. वर्ग इंग्रजीत असला तरी नगरपालिका, दवाखाना, घरमालक आणि शेतावरचा मुकादम हे सगळे जर्मनमध्येच बोलतात. ए-वन पातळी घरी बसून मोबाईलवर होते. आल्यावर विद्यापीठाच्या भाषा वर्गात पुढच्या पातळीला बसता येतं, पण तिथल्या जागा लवकर भरतात आणि नोंदणी वर्ग सुरू व्हायच्या आधीच उघडते.