आमची वाटचाल: सिरक्याचा वास

इंदूरच्या रामबागेत वडिलांचं फ्रेमांचं दुकान होतं. तसबिरी, आरसे, शोकेसच्या काचा. माशांची टाकी क्वचित, आणि तीही जुन्या पद्धतीची: लोखंडी अँगलची चौकट, आत पुट्टीवर बसवलेली काच. पुट्टी तडकली की टाकी गळायची आणि परत आमच्याकडे यायची. 1994 साली मी सिलिकॉनची नळी आणली आणि चौकट काढून टाकली. काचेला काच चिकटवायची, बस. तीन फुटी टाकीत सव्वाशे लिटर पाणी भरलं तेव्हा वडील दाराशी जाऊन उभे राहिले होते.

टाकी फुटली नाही. मासे मात्र मेले, पाच-सहा वर्षांनी, दुसऱ्याच एका टाकीत.

गणपतीचे दिवस होते. ओळखीतल्या काकूंना मखराशेजारी टाकी हवी होती, तीही स्थापनेच्या आदल्या दिवशी. आमच्या नळ्या संपलेल्या. हार्डवेअरवाल्याकडून एक आणली, टोपण काढून हुंगली, सिरक्याचा वास आला. तेव्हा आम्ही एवढंच बघत असू: आंबट वास आला म्हणजे माशांना चालतं. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "अरे, सगळे उलटे तरंगतायत. घरात गणपती बसलेत, आणि..." पुढं त्या बोलल्याच नाहीत. पैसे परत देऊन आलो आणि मग नळीवरची बारीक अक्षरं वाचली. बाथरूमसाठी, बुरशीरोधक. मासे त्या औषधानं गेले की एका दिवसात पाणी भरल्यानं, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही चुका माझ्याच.

तो वास सिलिकॉन पक्कं होताना सुटणाऱ्या ॲसेटिक ॲसिडचा. औषध घातलेल्या नळीलाही तोच येतो. बुरशी मारणारं औषध माशांच्या कल्ल्यांना सोडेल कशाला? आता 'बुरशीरोधक' लिहिलेली नळी दुकानात येतच नाही, आणि नव्या टाकीत सात दिवस पाणी भरत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "भिया, मे महिन्यात तर दोन दिवसांत वाळेल ना?" उलट आहे. सिलिकॉन उन्हानं वाळत नाही, हवेतला ओलावा घेऊन बाहेरून आत पक्कं होत जातं, चोवीस तासांत साधारण दोन-तीन मिलिमीटर. इंदूरच्या कोरड्या मे महिन्यात जाड सांधा वरून कडक दिसतो आणि आत कच्चा राहतो. पावसाळ्यात काम छान होतं, फक्त काच कोरडी हवी.

नंतर बंगलेवाले सिमेंटचे हौद घेऊन येऊ लागले, म्हणजे आम्हालाच तिकडे बोलावू लागले. हे वेगळंच प्रकरण. आंबट सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही, चुन्याशी त्याचं जमत नाही. नवा हौद चुना सोडतो, पाणी अल्कधर्मी होतं, म्हणून दोन-तीन आठवडे भरायचा आणि सोडायचा. मग सुकवून आतून दोन भागांचा, सॉल्व्हंट नसलेला इपॉक्सी लेप, पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालतो तो. रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजून. अंदाजानं ओतलं तर थर चिकट राहतो आणि न जुळलेलं हार्डनर पाण्यात उतरतं. आणि याला दमट हवा चालत नाही, वर तेलकट साय धरते, ती धुऊन काढावी लागते. त्यामुळे आमच्याकडे काचेची कामं पावसात आणि हौदाची फेब्रुवारी-मार्चात.

टाकीला निळी पाठ हवी असं पुष्कळ जण म्हणतात. मागच्या काचेला बाहेरून कुठलाही रंग लावा, पाण्याला तो लागतच नाही. आतून ऑईलपेंट लावा म्हणणाऱ्यांशी मात्र मी वाद घालत बसतो, गिऱ्हाईक गेलं तरी.

काकूंकडून आता त्यांची सून येते. गणपतीच्या टाकीची ऑर्डर ती आषाढातच देऊन जाते.