बांगडा, गूजबेरी आणि आईचं तिरफळ

आई मालवणहून लंडनला आली ती जूनमध्ये. हौसेने मी 'टेस्ट ऑफ लंडन'ची दोन तिकिटं काढली. रीजंट्स पार्कात भरणारा हा मेळा २००४ साली सुरू झाला. एरवी ज्यांच्याकडे टेबल मिळता मिळत नाही असे शेफ इथे हिरवळीवर तंबू टाकून छोट्या बशांतून आपले पदार्थ विकतात. दिवस मुद्दाम शुक्रवार निवडला, कारण सोमवार, गुरुवार आणि शनिवार आईचे मासे बंद.

तिकिटावरचं नीट वाचलं नाही, ही चूक माझीच. ते फक्त आत जाण्याचं होतं. खाण्याचे पैसे दर बशीमागे वेगळे.

"म्हणजे जत्रेत भुतूर जावकच पैशे?" आईने विचारलं.

मी गुपचूप कार्ड पुढे करत राहिले. आठ पौंडांची बशी, त्यात तीन घास. "ही तर वानगी गो," आई म्हणाली. मला शब्द एकदम पटला. टेस्टिंगला इतका नेमका मराठी शब्द असताना मी उगाच तिला 'सॅम्पल' समजावत बसले होते.

पहिला अर्धा तास वाया गेला. सगळ्यात लांब रांग दिसली तिथे आम्ही उभ्या राहिलो आणि हाती आलं ते कोमट, ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीच्या वासाचं काहीतरी. त्यानंतर शहाणपण सुचलं: आधी पूर्ण चक्कर मारायची, दुसऱ्यांच्या बशांत डोकवायचं, मग एक बशी दोघींत. रांगेत वेळ होता म्हणून मी तिला सांगितलं की अतुल कोच्चर आणि विनीत भाटिया याच शहरात स्वयंपाक करत होते आणि २००१ साली त्यांना मिशलिनचा तारा, म्हणजे हॉटेलातल्या उत्तम जेवणासाठीचा मानाचा किताब, मिळाला, भारतीय शेफांमध्ये पहिल्यांदाच. तारा देतं कोण, तर टायर बनवणारी कंपनी, हेही सांगून बसले.

"टायरवाल्याक जेवणातलां काय कळतां?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग तो बांगडा आला. निखाऱ्यावर फक्त कातडीच्या बाजूने भाजलेला, कातडी करपून कुरकुरीत, आतलं मांस जेमतेम शिजलेलं, आणि शेजारी चमचाभर हिरवट आंबट गूजबेरी. (आपल्याकडे केप गूजबेरी म्हणून मिळते ती रसभरी वेगळी. ही दिसायला आवळ्याची धाकटी बहीण, चवीला कैरीच्या जवळची.) आईने घास घेतला आणि बोलणंच थांबवलं. ती चावत होती ते जेवणाऱ्याचं चावणं नव्हतं, तपासणाऱ्याचं होतं.

"तिरफळां नाय घातल्यान?"

शेफ स्वतः बशा लावत होता. मी घाबरत भाषांतर केलं. तिरफळ म्हणजे काय हे सांगताना सेचुआन मिरीची चुलत बहीण म्हटलं, तेव्हा त्याचे डोळे चमकले. तो म्हणाला, बांगडा तेलकट, त्याला आंबट लागतंच. इंग्लंडात ही जोडी जुनी आहे आणि फ्रेंचांनी तर गूजबेरीचं नावच 'बांगड्याची बेरी' अशा अर्थाचं ठेवलंय. हे मी आईला सांगितलं. तिने मान डोलावली, जणू शेजारच्या गावच्या सुगरणीचं कौतुक करावं तशी. "आमच्याकडे कोकम, हेंच्याकडे ह्यां. आंबट होयाच." मग तिने हाताने दाखवलं, तिरफळ ठेचायचं, बी काढून टाकायची. तो सुरी खाली ठेवून बघत होता. मागची रांग खोळंबली होती, तिला पर्वा नव्हती.

त्यानंतरच्या बशा मला फारशा आठवत नाहीत. एक स्ट्रॉबेरीचं काहीतरी होतं, छान होतं. चार वाजता पावसाची सर आली आणि आम्ही बेकर स्ट्रीट स्टेशन गाठलं. गाडीत आईने एकूण खर्च विचारला, मी निम्मा सांगितला.

येताना गूजबेरीचा एक डबा घेतला. आईला त्याच रात्री कालवण करायचं होतं, पण मासळीवाला बंद झाला होता आणि दुसऱ्या दिवशी शनिवार. बांगडे आणले ते रविवारी. तिने पिशवीतून गावची तिरफळं काढली, गूजबेऱ्या हाताने चेचून वाटपात टाकल्या, चव घेतली, आणखी चार टाकल्या. माझ्या हातात कोकमाचं आगळ तयार होतं. तिने ते घेतलं आणि परत कपाटात ठेवलं.